कातडीतील तेलाची कैफियत

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या वाटेवर आणि शहापुरात भातसा धरणाच्या आसमंतात मुंबईकरांची सुटीतली घरे उभी राहू लागली, तेव्हापासून माझ्या पशुवैद्यकीच्या दप्तरात गुरांच्या कैफियतींबरोबर पूडल जातीच्या विलायती कुत्र्यांच्या फिर्यादीही दाखल होऊ लागल्या. अशाच एका थोराड, काळ्याभोर पूडलच्या पाठीवरचे कुरळे केस पुंजक्यांनी गळून मुळांशी रुपेरी कोंडा धरू लागला, तेव्हा मालकांनी सारा दोष आमच्या पावसाला दिला. परंतु कातडीचा सूक्ष्म छेद तपासून आला तो निर्वाळा निराळा होता : शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतील तैलग्रंथींचा उच्छेद करीत होती.

हा रोग पूडलच्याच वाट्याला यावा, हे विलक्षण आहे. मूळचा हा जर्मनीतील पाणकुत्रा. शिकाऱ्याने पाडलेले पक्षी तळ्यातून काढून आणावेत, हे त्याचे काम. पोहताना अंग हलके राहावे म्हणून केस कातरीत आणि सांध्यांना ऊब असावी म्हणून तेथे गुच्छ राखीत, असे सांगतात. पुढे फ्रान्सने त्याला आपलासा केला आणि ती कातरणी निव्वळ शोभा होऊन बसली. विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रदर्शने जिंकणाऱ्या मोजक्या कुत्र्यांच्या, विशेषतः कॅनडातील विक्लिफ श्वानशाळेच्या, वंशाला इतकी मागणी आली, की आजच्या थोराड पूडलांच्या वंशावळी उलगडताना तीच नावे पुनःपुन्हा भेटतात. आणि रक्त असे आटले, की दडलेले दोष एकमेकांना सहज गाठतात.

पौषात म्हशाच्या यात्रेत डांगी बैल पाहताना हा रोगी मला हटकून आठवतो. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे सह्याद्रीच्या मुसळधार पावसातही ते जनावर भातखाचरात टिकते. खूर काळे आणि टणक. त्याच्या वंशाची सनद कोणी लिहिली नाही. ज्यांना पाऊस सोसला, त्यांचीच प्रजा वाढली. डांगीची आरती ओवाळण्याचा मात्र माझा हेतू नाही, दुधाला ती तुटपुंजीच.

पूडलला आम्ही बाहेरून तेल चोळले, मुरू दिले, मग शांपूने धुतले. हा क्रम जन्मभराचा, कारण रोग समूळ जात नाही. हिवाळ्यात केस फुटले, पण सरळ. या रोगाचा दोष आधी दाखवील अशी जनुकचाचणी नाही, म्हणून याची पिले घेऊ नयेत, असे मी मालकांना बजावले. वंशावळीच्या सुबक छापील दस्तऐवजाकडे बोट दाखवून ते अजून हुज्जत घालतात.