नो एंट्री सुटल्यावर

रात्री अवजड गाड्यांची नो एंट्री सुटली, की कल्याण-शिळ रस्ता जागा होतो. डोंबिवलीतल्या आमच्या घरात तो आधी जमिनीतून जाणवतो, मग खिडकीची काच बारीक थरथरते, आणि मग मालाने लवलेली एखादी गाडी थांबताना तिचा एअरब्रेक सुटतो. दिवसभर कोंडलेला श्वास कुणी एकदम सोडावा तसा लांबलचक फुस्कारा. आजी होती तेव्हा झोपेतच पुटपुटायची, ‘कुणाची गं गाडी?’ जणू रस्त्यावरची प्रत्येक गाडी कुणाच्या तरी घरी निघालेली. घरी कुठली! न्हावाशेव्याहून कंटेनर उचलायचा, मुंब्रा बायपासला रखडायचं, भिवंडीत गोदामाबाहेर रांग लावायची, आणि गाडी खाली होईपर्यंत केबिनमध्येच पाय दुमडून पडायचं.

आयव्हन आयरचा ‘मील पत्थर’ पाहताना तो फुस्कारा पुन्हा कानी आला. 2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट दिल्लीचा, धुक्याचा, हिंदी-पंजाबीतला. पण त्यातल्या ट्रकवाल्याची पाठ मात्र माझ्या ओळखीची. सुविंदर विकीने साकारलेल्या गालिबने 5 लाख किलोमीटर गाडी हाकली आहे, बायको जगातून निघून गेली आहे, हमालांचा संप आहे म्हणून त्याने स्वतः माल उचलला आणि पाठ धरली आहे. तो फारसं बोलत नाही. दुखतं तेव्हा नुसता जरा वाकडा बसतो, आणि त्या वाकडेपणात किती रात्री साठल्या असतील ते आपण आपलंच उमजून घ्यायचं. घरात कुणी म्हणालं, यात काही घडतच नाही. अहो, त्याच्या आयुष्यात तरी दुसरं काय घडतं? गाडी भरते, गाडी खाली होते. मला तर तो संथपणाच खरा वाटला.

सर्वांत सलतो तो पाश, गालिबच्या हाताखाली आलेला कोवळा पोरगा. त्याला शिकवायचं म्हणजे आपलीच सीट त्याच्या हवाली करायची. अशी जोडी भिवंडीच्या वाटेवर कितीदा दिसते! स्टिअरिंगवर पिकल्या दाढीचा, शेजारी नुकतं मिसरूड फुटलेला. उद्या कुणी उतरायचं हे दोघांनाही ठाऊक असणार; तरी थोरला गाडी मागे घेताना आरशाकडे बोट दाखवून पोराला सांगतच असतो.