हो, मी झाडं तोडतो

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या उतारावर आमचं दोन एकर माळरान आहे. खाली मुरूम आणि वर वीतभर माती. वडिलांच्या काळी तिथं बाजरीसुद्धा धड येत नसे. शिक्षकाच्या नोकरीत असतानाच मी तिथं रान उभं करायचं ठरवलं. त्यासाठी दोन नियम केले आणि ते शाळेतल्या मुलांनाही शिकवले. दरसाल झाडं लावायची आणि उगवलेलं काहीही तोडायचं नाही. आज यातला एकही नियम मी जसाच्या तसा पाळत नाही. माझ्या शब्दावर गावातल्या काहींनी आपल्या बांधावर तेच नियम लावून घेतले होते, म्हणून माझं मत का पालटलं हे त्यांना उघडपणे सांगणं मला गरजेचं वाटतं.

सुरुवात 2015-16 च्या दुष्काळात झाली. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या वस्तीवर टँकरपुढं हंड्यांची रांग लागत होती. अशा वेळी रोपांना पाणी घालायला मन धजेना. आवळा, बांबू, शिसव, सगळ्यांच्या काड्या झाल्या. त्यांच्यापासून चार हातांवर पळसाच्या एका ठोंबाला मात्र भर चैत्रात पोपटी पालवी फुटली होती. बोर, हिवर, आपटा, सगळ्यांचं तेच. शेळ्या वर्षानुवर्षं शेंडे खुडत आल्यामुळं ही झुडपं गुडघ्याच्या वर कधी गेली नव्हती, पण खाली मुळं जुन्या, खोल गेलेल्या झाडाची होती. माळावर रान होतंच, फक्त ते जमिनीखाली होतं.

पुढं वाचनात आलं, की हेच पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाला 1983 च्या सुमारास उमगलं होतं. लावलेली रोपं मरत होती आणि शेतातली झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट होते. तिथल्या शेतकऱ्यांनी त्या खुंटांची फूट निवडून राखली आणि सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली. 2018 मध्ये रिनॉडोंना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. हे वाचून मी नवे खड्डे घेणं थांबवलं. मुरमात दोन फूट खड्डा घेताना आपण नेमकी तीच जिवंत मुळं तोडत असतो.

चराईबंदी केली आणि रान वर आलं. पण ते काटवण झालं. हिवराच्या एकेका बुंध्यातून बोटभर जाडीचे दहाबारा फुटवे, एकमेकांत गुंतलेले, सगळेच खुरटे. तरी माझा हात धजत नव्हता. अखेर पाडव्याच्या सुमाराला उसाच्या फडावरून परतलेल्या शेजारच्या आबांनी ते रान पाहिलं. म्हणाले, "गुरुजी, ऊस वरून तोडला की खोडवा बिघडतो. कोयता जमिनीला लागला पाहिजे. ह्याचं बी तसंच हाय." त्यांनी दोन सरळ फुटवे बोटानं दाखवले. "एवढे ठिवा. बाकीचं काढा."

आबांचा कोयता मी जवळून पाहिला. घाव बुडाशी, तिरपा, एकाच झटक्यात. साल चिरली नाही, चोथा झाला नाही. तिरप्या कापावर पाणी साचत नाही, म्हणून खुंट कुजत नाही. ज्यांना आपण फक्त मजूर म्हणून ओळखतो, त्या बीडच्या ऊसतोड माणसांच्या हातात फुटव्याचं केवढं शास्त्र आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. राखलेले दोन फुटवे पुढच्या पावसाळ्यात माझ्या डोक्याच्या वर गेले. निघालेल्या फांद्या आबांच्या चुलीला गेल्या, पाला शेळ्यांना. त्या बदल्यात त्यांच्या घरचं कुणी ना कुणी माळावर नजर ठेवतं.

वेडी बाभूळ ही वेगळीच लढाई. ती नुसती तोडली तर दुप्पट जोमानं फुटते. बुंध्याखालची मुळाची गाठ खणून काढावी लागते, आणि शेळ्यांच्या लेंड्यांतून बी पुन्हा येतच राहतं. उलट, वठलेलं लिंबाचं खोड मी मुद्दाम उभं ठेवलंय. त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो.

फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळ पालवणच्या देवराईत सयाजी शिंदे आणि अरविंद जगताप यांच्या पुढाकारानं वृक्षसंमेलन भरलं, वडाच्या झाडाला अध्यक्ष केलं, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. आजही वाटतो. त्याआधी 2019 मध्ये सरकारनं 33 कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. तसाच एखादा आकडा फुटवे राखण्याचाही असावा, असं आता मला वाटतं. आमच्यासारख्या माळावर राखणीला लागवडीपेक्षा पैसा कमी लागतो आणि पाणी लागतच नाही.

"गुरुजी, तुम्हीच तोडायला लागलात?" असं एका जुन्या विद्यार्थ्यानं दुखावून विचारलं. त्याला मी रानात नेलं, विरळलेला आणि न विरळलेला हिवर शेजारी शेजारी दाखवला. कायद्याचंही सांगितलं. वृक्षतोडीच्या 1964 च्या अधिनियमाच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, खैर, अंजन, चंदन ही झाडं आहेत. ती आपल्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय पाडायची नाहीत. त्याला सगळं पटलं असं नाही. पण त्याच्या बांधावरच्या बोरीचे फुटवे त्यानं मला बघायला बोलावलंय.

लागवड मी अगदीच सोडलेली नाही. अंजन आणि मोह यांची जुनी झाडं आमच्या शिवारात नाहीत, त्यामुळं ती आपोआप येणार नाहीत. यंदा मृगाचा पाऊस झाला की अंजनाचं बी थेट जागेवरच टोकणार आहे, म्हणजे सोटमूळ पिशवीत वळणार नाही.