एका 'ऑन'ची गोष्ट

सकाळी साडेनऊला मेल उघडा. 'प्लीज लुक इंटू धिस.' 'लेट्स टेक इट अप टुमॉरो.' 'क्लायंटने मीटिंग पुट ऑफ केलीय.' 'कॅन यू फिल इन फॉर हर?' दहा मिनिटांत चार मेसेज आणि एकातही अवघड शब्द नाही! लुक, टेक, पुट, फिल... सगळे पहिली-दुसरीतले. घाम फोडतात ते त्यांच्या शेपटाला लटकलेले चिल्लर शब्द. इंटू, अप, ऑफ, इन. बरं, यांच्यासाठी डिक्शनरी उघडायचीही लाज वाटते. 'अप'चा अर्थ कुणी शोधतं का, बॉस?

मी उमरग्याची. पुणे-हैदराबाद हायवेवरचं, धाराशिव जिल्ह्याच्या टोकाचं तालुक्याचं गाव. पलीकडे लगेच कर्नाटक. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी हिंदी एकाच सौद्यात ऐकू येतात. त्यामुळे नव्या भाषेचा बाऊ आम्ही तसा करत नाही. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि आमची बॅच त्याच गाडीत बसली. प्रिपोझिशन आम्ही शिकलो ते चेंडू आणि खोक्याच्या चित्रावरून. चेंडू खोक्यात, म्हणजे 'इन'. खोक्यावर, म्हणजे 'ऑन'. खोक्याखाली, म्हणजे 'अंडर'. मग गाळलेल्या जागा भरा, प्रत्येकी एक मार्क. विषय संपला.

पण 'कॅरी ऑन'मध्ये कशावर काय ठेवलंय? 'गिव्ह अप'मध्ये वर काय जातं? उलट सगळं खालीच बसतं! क्रियापदाला चिकटल्यावर हे शब्द जागा दाखवायचं सोडून भलतंच काम करायला लागतात. ते काही चेंडू-खोक्याच्या चित्रात मावत नाही.

'पास'ची पोरं

'पास' हा शब्द तर आमच्याकडे कुणी इंग्रजी मानतच नाही. दहावी पास. कॉलेजच्या पोरांचा एस.टी.चा पास. इतका तो घरचा. आता या पासची पोरं बघा. 'पास आऊट' म्हणजे आपल्याकडे डिग्री घेऊन कॉलेजबाहेर पडणं, पण अमेरिकन माणसाला सांगाल तर त्याला वाटेल तुम्ही चक्कर येऊन पडलात. 'पास अवे' म्हणजे देवाघरी जाणं. 'पास अप' म्हणजे आलेली संधी सोडणं. 'पास ओव्हर' म्हणजे प्रमोशनच्या वेळी नेमकं तुम्हालाच वगळणं. आणि 'पास ऑन'?

या 'पास ऑन'ने आमच्या घरात एक हिवाळा खाल्ला.

माझा मावसभाऊ पुण्यात पीजीमध्ये राहून नोकरी शोधत होता. एका कंपनीचं ऑफर लेटर हातात होतं. पगार बेताचा, आठ दिवसांत कळवायचं होतं. तेवढ्यात दुसऱ्या, मोठ्या कंपनीतून मेल आला. 'द टीम हॅज डिसायडेड टू पास ऑन युअर प्रोफाइल ॲट धिस टाइम.' त्याने अर्थ लावला, टीमने माझी प्रोफाइल पुढे पाठवली. आपल्या ऑफिसांत 'पास ऑन कर' म्हणजे पुढे सरकवच की! त्याने पहिली ऑफर सोडून दिली.

त्याच आठवड्यात येळवस होती. वेळ अमावस्या, लातूर-धाराशिवकडचा शेतातला मोठा सण. कडब्याची कोप, भज्जी, आंबील आणि ओळखीपाळखीचे सगळे जेवायला शेतावर. मावशीने वाढता वाढता एकेकाला सांगितलं, "पोराचं नाव पुढं गेलंय म्हणं पुण्यात."

तीन आठवड्यांनी त्याचा मला फोन. "ताई, रिमाइंडर कसा लिहायचा गं? नम्र वाटला पाहिजे." म्हटलं, आधी त्यांचा मेल पाठव. मेल वाचला. परत वाचला. शेवटचं 'ॲट धिस टाइम' बघितलं आणि पोटात गोळा आला.

"अरे, ते नाही म्हणालेत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग एवढंच, "पण 'नाही' कुठं लिहिलंय त्यात, ताई?"

कुठेच लिहिलं नव्हतं. सगळा नकार त्या दोन अक्षरी 'ऑन'मध्ये होता.

मोठे शब्द सोपे, छोटे अवघड

हा मुलगा इंग्रजीत कच्चा नाही, हे मुद्दाम सांगते. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' त्याला स्पेलिंगसकट येतात. हे लॅटिनमधून आलेले, पुस्तकातले शब्द. पण बोलताना इंग्रज माणूस यांच्याऐवजी म्हणतो 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इंटू'. आपण पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे आपलं इंग्रजी बरोबर असूनही अर्जासारखं वाटतं. आणि गाव-शहराचा फरक लोक ओळखतात तो नेमका इथे. उच्चारांचे क्लास लावणारे खूप भेटतात, 'ऑन'चा क्लास लावलेला मला अजून कुणी भेटलेला नाही.

हे दुखणं नवं नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाची सगळ्यात जास्त अडचण होते ती या जोडक्रियापदांमुळे. म्हणजे गेली अडीचशे-पावणेतीनशे वर्षं आपण एकटे नाही! 'फ्रेझल व्हर्ब' हे त्यांचं नाव मात्र पुष्कळ उशिरा, १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून पुढे आलं.

आपल्याही अंगात आहे!

पण जरा थांबा. हा खेळ आपल्याला खरंच नवा आहे? शाळेतले उपसर्ग आठवा. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार. 'हार' तोच, पुढचं एखादं अक्षर बदललं की जेवणाचा थेट विनाश होतो. किंवा साधं 'येणं' घ्या. कुत्रा अंगावर आला. शहाणपणा अंगाशी आला. जत्रेत कुणाच्या तरी अंगात आलं. अंग तेच, येणं तेच. 'वर', 'शी' आणि 'त' एवढाच काय तो फरक, पण तीन वेगळ्या गोष्टी घडल्या.

माझी दिल्लीची रूममेट मराठी शिकत होती. 'अंगात ताप आहे' हे तिला येत होतं. एकदा सकाळी तिने मराठी बॉसला मेसेज टाकला, 'माझ्या अंगात आलंय, आज ऑफिसला येत नाही.' बॉसने सुट्टी दिली, बहुतेक भीतीनेच!

तिच्या त्या चुकीवर ऑफिस आठवडाभर हसलं. चहा पाजून हसलं. मावसभावाच्या 'पास ऑन'वर मात्र कुणी असं हसलं नाही, कारण त्याची किंमत नोकरी होती. तिचं मराठी चुकलं तर ती गोड, आपलं इंग्रजी चुकलं तर आपण 'वीक कम्युनिकेशन स्किल्स'. हा हिशोब मला अजून पटलेला नाही.

मग करायचं काय? याद्या पाठ करून काही होत नाही, मी करून पाहिलंय. 'अंगाशी येणं' आपण कुठल्या यादीतून शिकलो? ऐकलं, फजिती पाहिली, कळलं. तसंच इथेही. पूर्ण वाक्य उचलायचं, कोण कुणाला म्हणालं त्यासकट. एक छोटी खूण मात्र देते. 'पास इट ऑन' म्हणजे पुढे पाठव. 'पास ऑन इट' म्हणजे नको म्हण. 'इट' मध्ये आहे की शेवटी, बघा. आणि 'इट'च नसेल, तर सरळ विचारा. 'डझ धिस मीन अ नो?' पाच शब्द. तेवढ्यात आपली इज्जत जात नाही.

मावसभावाला पाच महिन्यांनी दुसरी नोकरी लागली. पगार पहिल्या ऑफरपेक्षा थोडा कमीच. मावशी आता कुठलाही मेल आला की आधी विचारते, "पुढं गेलं की मागं, ते नीट बघ."

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी एचआरमध्ये असाल, रोज पन्नास जणांना असे मेल पाठवत असाल, तर तुमच्यासाठीही एक विनंती. नकार द्यायचाय ना? मग 'नॉट सिलेक्टेड' लिहा. मनाला लागतं, मान्य. पण हातात दुसरी ऑफर असतानाच लागलेलं बरं.