सोडियमच्या रेषेचे दिवस

एके काळी परक्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह आम्हाला तोंडपाठ असत. 1995 मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी 51 पेगासी या ताऱ्याभोवती ग्रह शोधला. त्यानंतरची काही वर्षं नवा ग्रह सापडला की त्याचं वजन किती, फेरा किती दिवसांचा, हे आकाशदर्शनाच्या रात्री एकमेकांना सांगण्यात केवढा आनंद होता! कार्तिकात भाद्रपदांचा चौकोन डोक्यावर आला की पूर्वा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांकडे बोट करून म्हणायचं, त्यांच्या जरा पलीकडे बघा, तिथे आहे. आज माहीत असलेल्या बाह्यग्रहांची संख्या 6000 च्या पुढे गेली आहे. ती यादी पाठ कोण करणार?

या ग्रहांवर हवा आहे का, हा प्रश्न मात्र तेव्हा फार लांबचा वाटे. ग्रह दिसतच नसे. ताऱ्याच्या डुलण्यावरूनच तो आहे हे कळे. मग सप्टेंबर 1999 मध्ये अमेरिकेत बोल्डरला डेव्हिड शार्बोनो या विद्यार्थ्याने टिमथी ब्राउन यांच्यासोबत, 10 सेंटिमीटर व्यासाच्या छोट्याशा दुर्बिणीने एचडी 209458 या ताऱ्यावर लक्ष ठेवलं. हाही त्याच चौकोनाच्या तारकासमूहातला. त्याचा ग्रह समोरून जाताना सुमारे तीन तास ताऱ्याचा उजेड दीडेक टक्क्याने उतरला. 2004 च्या जूनमध्ये ज्यांनी शुक्राचं अधिक्रमण पाहिलं, त्यांना यातली भूमिती समजावून सांगायला नको. शुक्राचा काळा ठिपका आपल्याला सूर्यावर दिसला होता. इथे ठिपका दिसत नाही, उतरलेला उजेड तेवढा मोजता येतो.

अशा वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. तिथला प्रत्येक वायू आपापल्या रंगाचा प्रकाश गिळतो, त्यामुळे त्या रंगात ग्रह किंचित मोठा भासतो. सोडियमची खूण सापडायला हवी, असं सारा सीगर आणि दिमितार सासेलोव यांनी 2000 मध्ये गणिताने दाखवलं. हबल या अवकाश दुर्बिणीने अशी चार अधिक्रमणं टिपली, आणि नोव्हेंबर 2001 मध्ये जाहीर झालं की सोडियमच्या पिवळ्या रंगात उजेड आणखी 0.02 टक्क्यांनी उतरतो. आपल्या रस्त्यांवर तेव्हा सोडियमचे दिवे होते. तोच पिवळा! दीडशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका ग्रहाच्या हवेतला तो पहिला पदार्थ. भाकितापेक्षा खूण फिकी होती, बहुधा उंचावरच्या ढगांमुळे. पण त्या एका रेषेवर कितीतरी महिने बोलत राहता येई.

ते दिवस उसनवारीचे होते. हबल 1990 मध्ये अवकाशात गेली तेव्हा सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याचा एकही ग्रह माहीत नव्हता. तिच्यावरचं सोडियम टिपणारं उपकरण 2004 मध्ये बंद पडलं आणि 2009 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन ते दुरुस्त केलं. मधल्या काळात स्पिट्झर दुर्बिणीने ग्रहांची ऊब मोजली. तीही या कामासाठी बनवलेली नव्हती.

आणि आता वेब ही नवी अवकाश दुर्बीण. 2022 च्या जुलैमध्ये तिने वास्प-39बी या शनीएवढ्या वजनाच्या ग्रहाचं एक अधिक्रमण पाहिलं, आणि कार्बन डायऑक्साइडचा उंचवटा आलेखावर असा उभा राहिला की तो दाखवायला बोट लावावं लागू नये. पाठोपाठ सल्फर डायऑक्साइड आला. ताऱ्याच्या प्रकाशाने त्या हवेत रासायनिक क्रिया चालू आहेत, याचा तो पुरावा. तो आलेख प्रथम पाहिला तेव्हा मी भारावून गेलो. तरीही जुन्या आलेखातला सोडियमचा तो जेमतेम दिसणारा खळगा मला जास्त जवळचा वाटतो.

त्या खळग्यावरच पुढे शंका आली. ग्रह फिरत्या ताऱ्याचा वेगवेगळा भाग झाकत जातो, तसतशा ताऱ्याच्या स्वतःच्या सोडियमरेषा आकार बदलतात. ग्रहाची म्हणून मोजलेली खूण खरं तर याचाच परिणाम असू शकेल, असं 2020 आणि 2021 मधल्या जमिनीवरच्या निरीक्षणांनी दाखवलं. वाद अजून मिटलेला नाही. मला यात त्या पहिल्या कामाचा मानच वाटतो. वीस वर्षांनीही माणसं तो आकडा पुन्हा तपासायला बसतात.

ताऱ्याचं काय आणि ग्रहाचं काय, ही जुनी अडचण आज खडकाळ ग्रहांपाशी अधिक बिकट झाली आहे. 40 प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-1 या लाल बटू ताऱ्याभोवती 7 ग्रह आहेत. सर्वांत आतल्या ग्रहावर हवेचा मागमूस नाही, असं वेबने केलेल्या उष्णतेच्या मोजणीतून 2023 मध्ये दिसलं. बाहेरच्या ग्रहांकडे वळावं, तर ताऱ्यावरचे डाग वर्णपटात लुडबुड करतात. हवा आहे का हे ठरवायला वेबचे सुमारे 500 तास आता लाल बटूंभोवतीच्या खडकाळ ग्रहांसाठी राखून ठेवले आहेत. त्यांच्या ताऱ्यांचा अतिनील मारा किती तीव्र आहे, हे मोजायचं काम याच मोहिमेत हबलकडे आहे.