वगळलेली दोन पानं

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात मला पंधरा मिनिटं बोलायचं होतं. सहा पानं लिहून काढली आणि आदल्या आठवड्यात मंडळातल्या ज्येष्ठ काकांच्या हातात दिली. काकांनी चष्मा पुसला, खिशातली पेन्सिल काढली आणि पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ ओढली. मग दुसऱ्या पानावरही. तिसऱ्या पानाशी आल्यावर पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "इथून सुरू करा. छान आहे. समोर लहान मुलं असतात, बंगाली पाहुणे असतात. आधीचं नको."

मी तिथूनच सुरू केलं. टाळ्याही पडल्या. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील, पण ती रेघ मनातून जात नाही. ती मारली म्हणून राग आहेच. मी मुकाट्यानं "बरं" म्हणाले, याचा त्याहून जास्त आहे.

मी नागपूरची, महालातली. बँकेच्या बदलीनं कोलकात्याला आले, त्याला सहा वर्षं झाली. भवानीपुरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. खाली घरमालकीण, त्यांना मी मासिमा म्हणते. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी त्या नातवाला थोपटत होत्या. हातातला शंखाचा चुडा थापेथापेला वाजत होता आणि तोंडानं इथल्या घराघरांत म्हटली जाणारी ती अंगाई चालली होती. तिच्यात बर्गी येतात, पाखरांनी धान्य फस्त केलेलं असतं आणि खंडणी कुठून द्यायची ही काळजी असते. मी अर्थ विचारला. मासिमांनी सांगितला आणि मग हसून म्हणाल्या, "अगं, तू नागपूरची ना? मग बर्गी तर आमच्या माडीवरच राहते!"

मीही हसले. रात्री मात्र झोप लागली नाही.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. शाळेत पाठ केलेला शब्द. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. फरक लिहा, दोन गुण. आमच्या घरापासून भोसल्यांचा वाडा चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे रघूजी भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या आम्हाला घरच्याच वाटायच्या. 1742 ते 1751, आणि शेवटी ओरिसा व सालीना 12 लाखांची चौथाई. त्या धड्यातला एकच प्रसंग अंगावर काटा आणायचा. 1744 साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांना तहाच्या बोलण्यासाठी मनकऱ्याच्या डेऱ्यात बोलावलं आणि बरोबरच्या सरदारांसकट कापून काढलं. केवढा विश्वासघात! आम्ही मुलं दातओठ खायचो. पंत तिथं कशाला गेले होते आणि आधीची दोन वर्षं त्या मुलखात काय चाललं होतं, हे मात्र 'चौथाई वसुलीसाठी' एवढ्यावर उरकलेलं.

ते काय चाललं होतं, हे लिहून ठेवणारा एक कवी आहे. गंगाराम त्याचं नाव. त्याच्या पुस्तकाचं नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव ऐकून मला आधी आनंदच झाला होता! पोथीवर बंगाली सन 1158 आहे, म्हणजे इसवी 1751, स्वाऱ्या थांबल्या तेच साल. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी 1965 साली ते इंग्रजीत आणलं. अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दोन शनिवार बसून मी ते वाचलं, आणि मूळ बंगाली ओळींसाठी मासिमांना शेजारी घेतलं.

गंगाराम पळणाऱ्या माणसांची यादी देतो, आणि प्रत्येकाच्या हातात काय आहे तेही सांगतो. ब्राह्मण पोथ्यांची ओझी घेऊन निघालेत. सोनाराजवळ तराजू आणि वजनं आहेत, कोळ्याजवळ जाळं, कुंभाराजवळ चाक. शंखाच्या बांगड्या करणारा शंखारी आपली करवत घेऊन पळतोय. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत, त्यांच्या डोक्यावर बोचकी आहेत. गरोदर बाईला वाटेतच कळा सुरू होतात. आणि कुणी कुणाला विचारलं की बाबांनो, तुम्ही बर्गी पाहिलेत का, तर उत्तर येतं की पाहिले नाहीत, सगळे पळतायत म्हणून आम्हीही पळतोय. मग भर माळावर घोडेस्वार त्यांना घेरतात. सोनं-रुपं तेवढं काढून घेतात, बाकीचं फेकून देतात. कुणाचा हात तोडतात, कुणाचं नाक-कान कापतात. बायकांचं काय करतात, तेही त्यानं स्पष्ट लिहिलंय. ते मी इथं लिहीत नाही. काकांना दिलेल्या पानांतही लिहिलं नव्हतं.

करवतीच्या ओळीशी मासिमा थांबल्या. हातातल्या चुड्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "याच करवतीनं हे कापतात." पुढं काही बोलल्या नाहीत, आणि मलाही वर बघवेना.

कुणी म्हणेल, एका बाजूच्या कवीनं रंगवून लिहिलं असेल. मीही तीच पळवाट शोधत होते. नवाबाची राजवट जुलमी होती, त्याचं काय? पण गंगारामानं हे आधीच मांडून ठेवलंय. त्याच्या कथेची सुरुवातच तिथं आहे. बंगालात पाप वाढलं, पृथ्वीला भार सोसवेना, म्हणून शंकरानं नंदीला शाहू राजाकडं पाठवलं आणि त्या पाप्यांना शासन करायला मराठे आले. म्हणजे कवीनं आपल्याला लुटारू म्हणून आणलेलंच नाही, न्याय करायला आणलंय. मग न्याय करायला आलेल्यांनीच गाई, ब्राह्मण, बायका कशाचीही पर्वा ठेवली नाही, तेव्हा देवी भास्करपंतांवर कोपली आणि नवाबाच्या बाजूनं गेली. दुर्गापूजेचा घाट घालून बसलेल्या भास्करपंतांची पूजा अर्धीच राहिली आणि त्यांना पळावं लागलं. शत्रूनं शत्रूला इतकं न्यायानं वागवलेलं मी दुसऱ्या पुस्तकात वाचलेलं नाही. आणि म्हणूनच ते इतकं लागतं. उलट उत्तर द्यायला जागाच नाही.

ही माझी पहिली दोन पानं.

तिसऱ्या पानापासून सखाराम गणेश देऊस्कर. घराणं मूळचं कोकणातलं, पण जन्म 1869 सालचा, देवघरजवळच्या करौं गावातला. देवघरला शिक्षक होते. तिथल्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या अन्यायाविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिलं म्हणून नोकरीवर पाणी सोडावं लागलं. कोलकात्याला येऊन 'हितवादी' पत्रात मुद्रितं तपासायला लागले आणि पुढं त्याच पत्राचे संपादक झाले. 1904 साली त्यांनी बंगालीत 'देशेर कथा' लिहिलं. दादाभाई, रमेशचंद्र दत्त, डिग्बी यांनी इंग्रजीत मांडलेला लुटीचा हिशेब त्यांनी साध्या माणसाच्या भाषेत आणला. विणकर कसा बुडाला, कारागिराचा धंदा कसा गेला, दुष्काळ का पडतात. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, स्वदेशीच्या चळवळीत पुस्तक हातोहात फिरलं आणि 1910 साली सरकारनं त्यावर बंदी घातली. त्यांचे भाचे बाबुराव विष्णु पराडकर यांनी ते हिंदीत नेलं. शिवाजी महाराजांवरच्या त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी कविता लिहिली. आणि 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटल्यावर 'हितवादी'च्या मालकांनी टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहायला सांगितलं, तेव्हा देऊस्करांनी लेखणी उचलली नाही. राजीनामा दिला.

हे मी सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या. मला मात्र कळत होतं की भाषण अर्धं झालंय. 'देशेर कथा'त उद्ध्वस्त झालेल्या कारागिरांची जी रांग दिसते, ती मी गंगारामाच्या माळावर पाहिली होती. एकशे साठ वर्षांआधी त्यांच्या मागं कंपनी सरकार नव्हतं, आमच्या नागपूरचे घोडे होते. त्याच बंगाल्यांच्या भाषेत एक मराठी माणूस त्यांचं दुःख लिहितो, नोकरी घालवतो, वयाच्या 42व्या वर्षी मरतो. यातलं मोठेपण पहिल्या दोन पानांशिवाय कळणार कसं? नुसतं 'आपला मराठी माणूस' म्हणून टाळ्या घेतल्या तर देऊस्करांवरही अन्यायच झाला.

अन्यायावरची पुस्तकं आपण आवडीनं वाचतो, पण त्यात आपण कुठं उभे आहोत ते आधी चाचपून घेतो. कॉलेजात मी 'बलुतं' हे दलित आत्मकथन वाचून ढसाढसा रडले होते आणि रडल्याबद्दल स्वतःला चांगलं समजले होते. आमच्या वाड्याच्या मागल्या दारानं कोण येत असे, हे तेव्हा मनातही आलं नाही. ते गंगाराम वाचल्यावर आलं.

इथं थांबले असते तर काकांवरचा राग तसाच राहिला असता. पण गेल्या पावसाळ्यात काका आजारी होते म्हणून भेटायला गेले, आणि न राहवून तो विषय काढला. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग सांगितलं की लहानपणी इथल्याच शाळेत इतिहासाच्या तासाला अलिवर्दीचा धडा आला आणि अख्खा वर्ग वळून त्यांच्याकडं बघायला लागला. तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. फुटबॉलच्या मैदानावर, ट्राममध्ये, सगळीकडं "ए बर्गी". म्हणाले, "तुम्ही बदलीवर आलात. मी इथं सत्तर वर्षं बर्गी आहे. या पोरांना वर्षातला एक दिवस तरी नुसता अभिमान वाटू दे की!"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. भोसल्यांच्या वाड्यापासून पाच मिनिटांवर वाढलेल्या मला कुणी कधी कशाबद्दल वळून पाहिलेलं नाही. ज्यानं काहीच केलं नाही त्या पोरानं आयुष्यभर ऐकून घेतलं, आणि मी त्यालाच पुन्हा ऐकवायला निघाले होते. तरीसुद्धा ती रेघ बरोबर होती असं म्हणायला माझं मन घेत नाही. चूक होती असंही आता ठामपणे म्हणवत नाही.

बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. मराठ्यांच्या भीतीनं कोलकात्याच्या लोकांनी 1742 साली शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत होता. तीन मैल झाला आणि थांबला, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढं तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. खंदक गेला, गल्लीच्या पाटीवर नाव राहिलं. मासिमांचा नातू आता सात वर्षांचा आहे. त्या गल्लीवरून जाताना त्यानं मला विचारलं, "मौशी, बर्गी कोण होते?" आणि मी, काकांवर दोन वर्षं धुमसणारी मी, म्हणाले, "होते कुणीतरी, फार पूर्वी."

ती दोन पानं मी नागपूरला, माझ्या जुन्या शाळेत पाठवली आहेत. तिथं कुठल्याही मुलाला कुणी बर्गी म्हणून हाक मारत नाही. माझी विनंती आहे, ती तिथं वर्गात मोठ्यानं वाचली जावीत.