आतल्या खोलीत दादा ऐकत होता

"मानव गेला रं!"

आईची हाक ऐकून मी मोरीतून बाहेर आलो, पण माझ्या आधी वहिनी माडीवरून धावत उतरली. पायात चप्पल नाही, पदराचं भान नाही. आई टीव्हीकडं बोट दाखवत होती. वहिनीनं तिकडं पाहिलंच नाही. ती थेट आतल्या खोलीत गेली. दादा कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची छाती वर-खाली होताना दिसली तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली.

१४ जून २०२०, रविवार. तांबड्या-पांढऱ्याची जेवणं नुकतीच उरकली होती. टीव्हीवर वांद्र्यातल्या एका इमारतीबाहेरची गर्दी दिसत होती आणि खाली सुशांतसिंह राजपूतचं नाव. वय ३४. आईला ते नाव नीट घेता यायचं नाही. तिच्यासाठी तो 'पवित्र रिश्ता'मधला मानव देशमुख. २००९ साली ती मालिका सुरू झाली, त्याच सुमारास दादानं उचगावात महामार्गालगत स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. मालिकेतला मानवही गॅरेजमध्ये राबणारा, मराठी घरातला मुलगा. उषा नाडकर्णी त्याची आई. दादा रात्री ऑइलनं काळे झालेले हात घेऊन दारात आला की आई म्हणायची, "आला बघा माझा मानव." सुशांतनं २०११ मध्ये मालिका सोडली, तरी आईच्या तोंडातलं ते नाव काही सुटलं नाही. म्हणून तिची हाक ऐकून वहिनीच्या मनात काय आलं असेल, ते मला वेगळं सांगायला नको होतं. चार वर्षं आम्ही सगळेच मनात ती भीती घेऊन झोपत होतो.

दादाचा आजार २०१६ च्या पावसाळ्यात सुरू झाला. पहाटे तीनला जाग यायची आणि तो मोरीच्या दगडावर बसून राहायचा. मग जेवण तुटलं. मग एक दिवस गॅरेजमध्ये नटाला पाना लावून तसाच तासभर बसलेला कामगार पोरांनी पाहिला. आधी छातीचा आलेख काढला, साखर तपासली, थायरॉइड तपासलं. बाहेरचं काही असेल म्हणून आईनं नरसोबाच्या वाडीला पाच पौर्णिमा केल्या. शेवटी ओळखीच्या एका औषध दुकानदारानं हळूच सांगितलं, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू झाल्या. भावकीत आम्ही सांगितलं, पित्ताच्या गोळ्या आहेत. ते खोटं मीच पहिल्यांदा बोललो आणि त्याची लाज मला अजून आहे.

गोळ्यांनी फरक पडला, पण हळू. मधे चांगले महिने यायचे. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि ट्रकांची रांग लागली, तेव्हा अडकलेल्या ड्रायव्हरांना भाकरी-आमटी पोचवण्यात दादा रात्रंदिवस राबला. लोकांनी ते पाहिलं होतं. म्हणूनच पुढं तो पुन्हा कॉटला खिळला तेव्हा त्यांना खरं वाटेना. एवढा राबणारा माणूस, याला काय धाड भरलीय? टाळेबंदीत गॅरेज बंद झालं, हप्ते थकले आणि तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडू लागला. त्या रविवारी त्याला तसं पडून अडीच महिने होत आले होते.

दुपारपासून घरी माणसं येत राहिली. आमचं घर रस्त्याला लागून, सोप्यात बसायला जागा, त्यामुळं गप्पा इथंच रंगतात. मास्क हनुवटीखाली ओढून जो तो बोलत होता. "काय कमी हुतं त्याला? पैसा, गाडी, नाव." "भित्रं निघालं की गड्या." "तालमीत चार जोर मारलं असतं, कट्ट्यावर येऊन धारोष्ण दूध पिलं असतं, तर कसलं डिप्रेशन अन् कसलं काय." एक जण म्हणाला, "शिनेमात लोकांना शिकवायचं आणि स्वतः असं करायचं." तो 'छिछोरे'बद्दल बोलत होता. आदल्या सप्टेंबरमध्ये आम्ही सगळे तो पाहून आलो होतो. त्यात सुशांत बाप झालाय आणि प्रवेश परीक्षेत नापास झाल्यानं जीव द्यायला निघालेल्या आपल्या पोराला तो स्वतःच्या हरण्याच्या गोष्टी सांगतो.

बोलणारी माणसं वाईट नव्हती. यातल्याच दोघांनी आमचे वडील गेले तेव्हा खांदा दिलेला. पण सोपा आणि आतली खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे, आणि पडद्याआड दादा जागा होता. ते सुशांतला भित्रा म्हणत होते आणि दादा ते स्वतःच्या नावानं ऐकत होता. मी उठून पंखा मोठा केला, टीव्हीचा आवाज वाढवला. त्या वेळी मला तेवढंच सुचलं.

संध्याकाळी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुशांतच्या मृतदेहाचे फोटो आले. असे फोटो पसरवू नका, कारवाई होईल, असं महाराष्ट्र सायबरनं त्याच दिवशी बजावलं होतं. मी चुलतभावाला फोन करून काढून टाकायला सांगितलं. "सगळीकडं फिरायलंय की," तो म्हणाला. दादा त्याच ग्रुपमध्ये होता.

रात्री तो आपणहून माडीवर आला. महामार्गावर अगदी तुरळक ट्रक. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, सरळ विचारा. विचारल्यानं नसलेला विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. दोन वर्षं माझी जीभ रेटली नव्हती. त्या रात्री विचारलं.

"दादा, तुझ्या मनात येतं काय रं, मरायचं?"

तो लगेच म्हणाला, "यायचं. गेल्या वर्षी न्हाई आलं. आज परत दारावर कुणीतरी थाप मारल्यागत झालं." मग थोडं थांबून, "त्यो शिनेमात पोराला जे सांगत हुता न्हवं, ते खोटं न्हवतं. त्याला म्हाईत हुतं म्हणून सांगता आलं. खाली ते काय बोलत हुते, मी ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या, काही दिवस गोळ्यांचा डबा वहिनीच्या ताब्यात ठेवायला सांगितला आणि त्याला एकटं न सोडायला. मी गांधीनगरात कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब लिहितो. तेव्हा दुकान दिवसाआड उघडायचं, त्यामुळं ते जमलं.

आणि एक चांगली गोष्टही घडत होती. सुशांत आजारी होता, उपचार घेत होता, अशा बातम्या येत होत्या. दादा त्या वाचायचा. एवढा हसरा, एवढा नाचणारा, दुर्बिणीतून ग्रह-तारे बघणारा माणूस, आणि त्याचंही आपल्यासारखंच. दादाला त्यात कुणीतरी सोबतीला सापडलं होतं. जूनअखेरीस तो एकदा दाढी करून गॅरेजचं शटर अर्धं वर करून आला.

मग जुलै आला आणि सगळं उलटलं. पाटण्यात तक्रार दाखल झाली, पुढं सीबीआय आली, आणि टीव्हीवर रोज रात्री एकच गोष्ट: सुशांतला मारलं. ३ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी सांगितलं की त्याच्यावर बायपोलर डिसऑर्डरसाठी उपचार चालू होते. त्यावर सोप्यातली माणसं म्हणाली, "दाबायलेत सगळं." त्याच्या आजाराचं नाव काढणं म्हणजे आता खुन्याची बाजू घेणं झालं होतं. एका रात्री जेवताना दादा मान खाली घालून म्हणाला, "त्यो आजारी न्हवताच म्हणत्यात. मग मी एकटाच काय?"

सुशांतच्या मैत्रिणीबद्दल जे बोललं गेलं ते मी इथं लिहिणार नाही. जादूटोण्यापासून विषापर्यंत काहीही. ८ सप्टेंबरला तिला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली, महिनाभरानं उच्च न्यायालयानं जामीन दिला. पण त्या महिनाभरात आमच्या गल्लीत वहिनीकडं बघायच्या नजरा बदलल्या. एक लांबची आत्ती पाणी पिता पिता आईला म्हणाली, "लग्नाआधी पोरगं कसं खणखणीत हुतं तुझं." वहिनी आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती भाकरी तव्यावर करपली. तिनं चार वर्षं त्याला लहान मुलासारखं भरवलं होतं, त्याच्या डोक्याशी बसून रात्री काढल्या होत्या.

आणि गोळ्या. त्या पोरीनं गोळ्या देऊन सुशांतला बिघडवलं, हे आईनं टीव्हीवर इतक्यांदा ऐकलं की ती घाबरली. वहिनीला सांगून-विचारून नाही, गुपचूप तिनं डबा उचलला आणि धान्याच्या कणगीत लपवला. दादालाही ते हवंच होतं; मी आजारी नाही असं त्याला सिद्ध करायचं होतं. वहिनीनं विचारलं की तो म्हणायचा, घेतल्या. अकरा दिवसांनी तो झोपेनासा झाला, हात थरथरू लागले, आणि बाराव्या दिवशी पहाटे मोरीच्या दगडावर बसून तो रडत होता. आईनंच जाऊन कणगीत हात घातला. ती दाणे उपसत होती आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेत होती.

त्या दिवसांत मी कपाटातलं 'श्यामची आई' काढलं, शाळेत बक्षीस मिळालेलं. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपलं जीवन स्वतः संपवलं, हे मला तिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत गुरुजी 'गेले' एवढंच. एवढं प्रेम करणारा माणूस निराशेनं कसा घेरला गेला, हे मुलांपुढं कसं मांडायचं ते बाईंना कळलं नसेल. एका माणसाचं जाणं आपण सत्तर वर्षं झाकलं, दुसऱ्याचं चौकात मांडून त्याचा पंचनामा केला, आणि त्यांच्या मनाला काय होत होतं हे दोन्हीकडं बोलायचं राहून गेलं. त्याच २०२० मध्ये देशात १,५३,०५२ माणसांनी आत्महत्या केली. महाराष्ट्रात १९,९०९, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तेवढ्या घरांतल्या एका तरी आतल्या खोलीबद्दल सोप्यात त्या वर्षी कुणी बोललं असतं, तर मी पित्ताच्या गोळ्या म्हणालो नसतो असं मला वाटतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी हत्येची शक्यता नाकारली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वाहिन्यांना, आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याचे नियम पाळायला सांगितलं. तोवर सोप्यातला विषय बदलला होता. दादाला सावरायला फेब्रुवारी उजाडला.

आता त्याचं बरं आहे. एक गोळी चालू आहे, पहाटेची जाग अधूनमधून येते. भावकीत तो स्वतः सांगतो, डिप्रेशनची गोळी आहे म्हणून. गॅरेजमध्ये पंक्चरच्या दरांच्या पाटीशेजारी त्यानं खडूनं १४४१६ लिहिलंय, सरकारच्या टेली-मानसचा नंबर. फुकट आहे, मराठीतही बोलतात. ड्रायव्हर विचारतात, हा कुणाचा नंबर? तो हातातलं काम न थांबवता सांगतो.

मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद केल्याची बातमी आली. कुणी मारलं नव्हतं, कुणी भाग पाडलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी महिनोन्महिने चाललेल्या गोष्टीला या वेळी एक दिवसही मिळाला नाही. सोप्यात कुणी विषय काढला नाही. संध्याकाळी दादा हात धुऊन आला, तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"मानवला कुणी मारलं न्हवतं म्हणत्यात, आई."

आईचे हात सुपात थांबले. "मग त्याला कुणी इचारलं न्हाई काय रं, काय हुतंय म्हणून?"

"इचारलं असंल की. त्याच्या घरची बी माणसंच हायत. इचारून बी जातं कधीकधी माणूस."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सूप बाजूला ठेवून उठली, फडताळातून डबा काढला आणि तांब्याभर पाणी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. गोळीची वेळ रात्री जेवल्यानंतरची असते. दादानं ते सांगितलं नाही. तांब्या घेतला आणि नुसतं पाणी प्यायला.