शिपाई राखून जिंकलेली लढाई



'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' या खेळात लढाई जिंकणे वेगळे आणि जिंकल्यानंतर फौज शिल्लक असणे वेगळे. खेड्यातून उचललेला नवशिका शिपाई कोणत्याही दिवशी मिळतो. त्याचा चिलखती स्वार व्हायला मात्र खेळातले कित्येक आठवडे आणि पुष्कळ चकमकी लागतात. असे दहा स्वार गमावून मिळवलेला विजय पुढच्या लढाईत महाग पडतो.

हा खेळ तुर्कस्तानातल्या अंकारा शहरातील टेलवर्ल्ड्स या कंपनीचा. आर्मान आणि इपेक यावुझ या दांपत्याने त्याचे काम सुरू केले. पहिली पूर्ण आवृत्ती २००८ मध्ये आली आणि 'वॉरबँड' २०१० मध्ये. घटना घडतात त्या कॅलराडिया नावाच्या काल्पनिक प्रदेशात. तिथे बंदुका नाहीत आणि जादूही नाही. स्वाडिया, रोडोक, व्हेगिर, नॉर्ड, खेरगिट आणि सारानिड अशी सहा राज्ये एकमेकांशी भांडत असतात. खेळाडू एकाच वेळी शिपाईही असतो आणि सेनापतीही. तलवार स्वतः चालवायची, ढाल नेमक्या दिशेला धरायची आणि त्याच दमात शंभर माणसांना हुकूमही द्यायचे. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. तलवारीची हौस हुकुमावर मात करते.

लढाईची सुरुवात नकाशावर होते. फौजा ज्या जागी भिडतात, तिथल्यासारखेच मैदान खेळ तयार करतो. स्वाडियाच्या सपाटीवर उघडे माळरान मिळते, तर रोडोकांच्या मुलखात चढउतार. स्वाडियाच्या स्वारांना डोंगराळ भागात गाठले तर त्यांची निम्मी ताकद चढावरच संपते. म्हणून शत्रू दिसताच त्याच्यावर धावून जाण्यापेक्षा सोयीच्या जमिनीपर्यंत मागे सरकणे केव्हाही फायद्याचे. शत्रू पाठलाग करतोच.

मैदानात एका वेळी किती माणसे उतरतील यालाही मर्यादा आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये ती दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त १५० पर्यंत नेता येते. उरलेले शिपाई कुमक म्हणून तुकड्यातुकड्यांनी येतात. 'टॅक्टिक्स' हे कौशल्य ज्याच्याकडे अधिक, त्याची पहिल्या खेपेला जास्त माणसे उतरतात. कोण आधी उतरणार हे फौजेच्या यादीतल्या क्रमावर ठरते. वरची नावे आधी, खालची नंतर. ही यादी न लावता लढाईत शिरणारे खेळाडू पुष्कळ आहेत. मग वैद्य पहिल्या फळीत आणि कसलेला भालाईत राखीव, असला उफराटा प्रकार घडतो.

मैदानात उतरल्यावर पहिले काम थांबण्याचे. शून्याचे बटण दाबले की सगळी फौज निवडली जाते, एकने पायदळ, दोनने तिरंदाज आणि तीनने घोडदळ. त्यानंतर एफ-१ दोनदा दाबले की निवडलेली तुकडी जागा धरून उभी राहते. हा हुकूम दिला नाही, तर प्रत्येक जण आपापल्या वेगाने शत्रूकडे सुटतो. घोडेस्वार एकटे पुढे पोचतात, पायदळ धापा टाकत मागून येते आणि तिरंदाजांना नेम धरायला जागाच उरत नाही. जवळपास सारख्या संख्येच्या दोन फौजांपैकी एक थांबली आणि दुसरी धावली, तर थांबलेली बहुधा जिंकते. संगणकाचे सरदार बहुतेक वेळा धावतातच.

रचना साधी ठेवावी. उताराच्या मध्यावर ढालवाले पायदळ, त्यांच्या मागे थोडे वर तिरंदाज, आणि घोडदळ बाजूला शक्यतो नजरेआड. तिरंदाज वर असले की पुढच्या माणसांच्या डोक्यावरून बाण सोडता येतात, आणि चढावर घोड्यांचा वेग मरतो. समोर ओढा असेल तर आणखी उत्तम, कारण खोल पाण्यात घोडा रेंगाळतो. शत्रूची फळी पायदळाशी गुंतली की घोडदळ बगलेवर सोडावे. त्याआधी सोडलेले घोडदळ भाल्यांच्या टोकांवर जाऊन अडते. भरधाव घोड्याला समोरून भाल्याची टोच बसली की तो मागच्या पायांवर उभा राहतो. एकदा थांबलेल्या स्वाराला चार शिपाई घेरतात आणि मग त्याचे चिलखत फार वेळ पुरत नाही.

यातले बरेचसे खऱ्या इतिहासातून आलेले आहे. ११ जुलै १३०२ रोजी फ्लँडर्समधल्या कोर्त्रेकजवळ विणकर आणि कारागीर यांच्या शहरी पायदळाने फ्रेंच सरदारांच्या घोडदळाचा धुव्वा उडवला. पायदळाच्या हातात लांब भाले होते, टोकदार सोटे होते आणि समोर ओढे होते. ओढे ओलांडताना घोडदळाचा झपाटा मोडला. मेलेल्या सरदारांच्या टाचांवरचे, घोड्याला टोचायचे सोन्याचे काटे गोळा करून चर्चमध्ये टांगण्यात आले. खेळातले रोडोक भालाईत याच जातीचे: घोडे जवळजवळ नाहीत, हातात लांब भाला आणि पुढ्यात माणसाएवढी ढाल. क्रेसीची लढाई २६ ऑगस्ट १३४६ ची. तिथे फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या जिनोव्हाच्या क्रॉसबोवाल्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या. चढावर उभ्या असलेल्या इंग्रज तिरंदाजांपुढे ते उघडे पडले. रोडोक क्रॉसबोवाले आपली ढाल पाठीवरच बाळगतात. जिनोव्हावाल्यांची चूक कोणीतरी शांतपणे वाचून ठेवली असावी.

खेरगिटांशी लढण्याचे गणित वेगळे आहे. हे स्टेपच्या गवताळ मुलखातले स्वार-तिरंदाज, मंगोलांच्या धाटणीचे. ते भिडत नाहीत, भोवती फिरत राहून बाण मारतात. त्यांच्यामागे घोडदळ पाठवले तर ते पांगते आणि एकेक करून पडते. इथे सगळ्यांनी एका जागी दाटीने उभे राहावे आणि चांगल्या तिरंदाजांनी उत्तर द्यावे. व्हेगिर नेमबाज यासाठी उत्तम, कारण उभ्या माणसाचा नेम धावत्या घोड्यावरच्या माणसापेक्षा पक्का असतो. कंटाळवाणी लढाई होते खरी, पण नुकसान कमी होते. हेच खेरगिट किल्ल्याला वेढा घालतात तेव्हा निम्मे निकामी होतात, कारण शिडीवर घोडा चढत नाही.

शिपाई राखण्याचा विचार सर्वांत जास्त 'सर्जरी' या कौशल्यात दिसतो, आणि नवे खेळाडू त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. पडलेला शिपाई मेला की नुसता जखमी झाला, हे खेळ लढाईत ठरवतो. या कौशल्याची प्रत्येक पातळी त्याच्या जगण्याची शक्यता ४ टक्क्यांनी वाढवते. कोणत्याही कौशल्याची कमाल पातळी मूळ गुणाच्या एकतृतीयांश असते, म्हणजे 'सर्जरी' दहापर्यंत न्यायची तर बुद्धीचा आकडा ३० हवा. लढवय्या नायक एवढी बुद्धी जमवत बसला तर त्याची तलवार बोथट राहणार. म्हणून हे काम सोबत्यावर सोपवावे. शहरांच्या खाणावळींतून फिरणारा जेरेमस हा वैद्यकी जाणणारा सोबती त्यासाठीच आहे. सोबत्याचे हे कौशल्य सगळ्या फौजेला लागू होते. फक्त त्याला यादीच्या तळाशी ठेवायचे, म्हणजे तो मैदानात उशिरा उतरतो.

मनोधैर्याची गोष्टही रणांगणाबाहेरच ठरते. आठवड्याचा पगार वेळेवर हवा आणि शिध्यात विविधता हवी. नुसत्या धान्यावर चालणारी फौज आणि मासे, चीज, मांस, मध असा शिधा असलेली फौज यांच्या मनोधैर्यात आकड्यांत दिसणारा फरक पडतो. मन खचलेले शिपाई ऐन लढाईत पाठ फिरवतात.

वेढ्यात फार कौशल्य चालत नाही. बहुतेक किल्ल्यांना एकच शिडी लागते आणि तिच्यावर गर्दी होते. घाईने सगळे सोडले की पहिले तीसेक जण तटावरच्या शिबंदीच्या हाती सापडतात. पायदळ बाणांच्या टप्प्याबाहेर थांबवून तिरंदाजांनी आधी तट विरळ करावा, मग हस्कार्ल हे नॉर्डांचे कसलेले पायदळी शिपाई पुढे काढावेत. ढाल आणि कुऱ्हाड घेऊन अरुंद जागेत लढण्यात त्यांच्या तोडीचे कॅलराडियात कोणी नाही.

नायकाने स्वतः किती लढावे? भरधाव घोड्यावरून काखेत आवळलेल्या भाल्याचा वार जवळजवळ कोणालाही एका फटक्यात लोळवतो, त्यामुळे मोह होतो. पण नायक बेशुद्ध पडला की हुकूम थांबतात, आणि पुढचा निकाल खेळाच्या आकडेमोडीवर सोडावा लागतो. ती आकडेमोड माणसे फार खाते. शत्रूची फळी फुटेपर्यंत नायकाने आपल्या तिरंदाजांच्या आसपास राहावे. पळणाऱ्यांच्या मागे हवा तेवढा भाला चालवावा.

२०२० मध्ये आधी अपुऱ्या रूपात आलेल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या 'बॅनरलॉर्ड' या पुढच्या खेळामध्ये मैदानात हजार माणसे उतरतात. ढालींची भिंत, विरळ रांग अशा रचना बटणावर मिळतात आणि सोबतीही लढाईत मरू शकतात. तरीही थांबून लढण्याचे तत्त्व तिथे तसेच चालते. पुढच्या लढाईनंतर जिंकलास की हरलास एवढेच कळवू नकोस, किती स्वार परत आले तेही लिही.

तुझा,
काका